ओढा सरळ रेषेत वाहतो म्हणजे खाली प्रस्तरभंग आहे का? (वैराग, ता. बार्शी)

भोगावतीकाठ

नमस्कार. आमची शेती वैरागच्या पूर्वेला, बालाघाटाच्या पायथ्याकडं आहे. शेताच्या कडेनं एक ओढा जातो, पुढं तो भोगावतीला मिळतो. हा ओढा बराच लांबवर दोरी लावून आखल्यासारखा सरळ जातो, मग एका जागी काटकोनात वळतो आणि परत सरळ. जमिनीवरून एवढं कळत नाही, पण मोबाईलवर उपग्रहाचा नकाशा उघडला की लगेच नजरेत भरतं. शेजारचे दोन ओढेही जवळजवळ त्याच दिशेनं गेलेत.

गावातली जुनी माणसं म्हणतात, किल्लारीच्या भूकंपात जमीन फाटली, त्याच फाटीतून ओढा जातो. बोअर घेताना आलेला पाणाड्याही म्हणाला, "इथं खाली भेग हाय." पण आजोबांच्या सांगण्याप्रमाणे ओढा त्यांच्या लहानपणीही इथंच होता, म्हणजे 1993 चा संबंध नसावा.

मी राज्यसेवेचा अभ्यास करते. पुस्तकात एका धड्यात प्रस्तरभंग म्हणजे खडक फुटून सरकणं, त्यानं वर उचललेला गट पर्वत, खाली खचलेली खचदरी. पुढच्या धड्यात नदीचं खनन, वहन, संचयन. दोन्ही पाठ झालंय, पण बांधावर उभं राहिलं की यातलं नेमकं काय समोर आहे ते कळत नाही. बालाघाटाची ही पायऱ्यापायऱ्यांची कड प्रस्तरभंगानं वर उचलली गेली की पाण्यानं कोरली? आणि आमचा ओढा भेगेत वाहतो हे तपासायचं कसं? 2020 च्या ऑक्टोबरातल्या अतिवृष्टीत याच वळणावर ओढ्यानं आमचा बांध आणि आतली बरीच काळी माती एका रात्रीत नेली. त्यामुळं हा प्रश्न माझ्यासाठी फक्त परीक्षेपुरता नाही.

माणकाठचा_शेतकरी

सांगोल्याहून लिहितोय. ताई, आधी एक विचारा: तिथं नाला खोलीकरण झालंय का? आमच्याकडं जलयुक्त शिवारच्या काळात पोकलेननं ओढे खोल केले आणि करता करता सरळही केले. आता वरनं फोटो बघितला तर कालव्यासारखे दिसतात. तलाठ्याकडं गावचा जुना नकाशा मिळतो, त्यात ओढ्याची मूळ वाट असते. ती बघा, मग भूकंपाचं बोला.

विहीर_आणि_खडक

वरची सूचना अगदी बरोबर आहे, पहिलं काम तेच.

माझी सगळी नोकरी भूजल सर्वेक्षणात गेली, त्यातली बरीच वर्षं सोलापूर जिल्ह्यात. त्या अनुभवावरून सांगतो: ओढा सरळ आहे एवढ्यावरून प्रस्तरभंग ठरत नाही. आपल्या भागात तर बहुतेक वेळा नसतोच. पण पाणाड्या म्हणाला ते "भेग हाय" खरं असू शकतं. भेग आणि प्रस्तरभंग यांत मोठा फरक आहे आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या फरकातच आहे.

आपल्या पायाखालचा काळा दगड म्हणजे लाव्हा. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबलचक भेगांमधून तो थरावर थर पसरत गेला. आजही साधारण 5 लाख चौरस किलोमीटरवर तो पसरलेला आहे. लाव्हा थंड होताना आकसतो आणि आकसताना तडकतो. या तडकण्याला आम्ही सांधे म्हणतो. घरात कडक भाकरी असेल तर ती ताटात ठेवून बघा. भाकरीला तडा गेला पण दोन्ही तुकडे जागच्या जागी, एका पातळीत आहेत, तर तो सांधा. एक तुकडा दुसऱ्याच्या मानानं खाली गेला, वर आला किंवा बाजूला सरकला, तर तो प्रस्तरभंग. पाण्याला दोन्ही सारखेच. जिथं दगड आधीच फुटलेला आहे तिथं ते शिरतं, तिथला दगड कुजून मुरूम होतो, मुरूम वाहून जातो आणि ओढा त्या रेषेत बसतो. सांध्यांच्या दोन दिशा एकमेकींना आडव्या असतील तर ओढा एकीतून दुसरीत जाताना काटकोनात वळतो. म्हणून सरळ रेषा आणि काटकोन फक्त एवढंच सांगतात की दगड तिथं फुटलेला आहे. तो सरकलाय का, हे त्यावरून कळत नाही.

मग सरकलाय का हे कशावरून? त्यासाठी दोन्ही काठांवर एकच ओळखीचा थर सापडावा लागतो, आणि तो थर तुमच्या विहिरीत आहे.

लाव्ह्याचा एक थर पसरला की पुढचा येईपर्यंत मध्ये बराच काळ जाई. तेवढ्यात वरचा पृष्ठभाग हवेपाण्यानं कुजून तांबडा व्हायचा. त्यावर नवा तापलेला लाव्हा आला की तो तांबडा थर खाली गाडला जायचा. जुन्या बांधीव नसलेल्या विहिरीत खाली वाकून बघितलं की हे सगळं दिसतं: वर काळी माती, मग मुरूम, मग भोकाभोकांचा, आत पांढरे खडे भरलेला मांजऱ्या, मग घट्ट काळा पाषाण, आणि मध्येच हात-दोन हात जाडीचा विटकरी तांबडा पट्टा. हा पट्टा दुरूनही ओळखू येतो. ओढ्याच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या विहिरींत त्याची पातळी मोजा. दोन्हीकडं जवळपास एकच निघाली तर जमीन सरकलेली नाही. ओढ्यापाशी एकदम दहा-पंधरा फुटांचा फरक पडला आणि तसाच तो पुढच्या विहिरींतही टिकला, तर प्रस्तरभंगाचा विचार करायचा.

दोन गोष्टी सांभाळा. एक, मोबाईलवर दिसणारी समुद्रसपाटीपासूनची उंची या कामाला चालत नाही, तिच्यात कित्येक मीटरची चूक असते. गवंड्याकडची पाण्याची लेव्हल पाईप घ्या आणि एका विहिरीच्या काठावरून दुसऱ्या विहिरीच्या काठापर्यंत टप्प्याटप्प्यानं पातळी न्या. वेळ लागतो, पण माप भरवशाचं येतं. दोन, विहिरीत तांबडे पट्टे एकाहून जास्त असू शकतात. नुसता तांबडा दिसला की जुळला असं धरू नका. त्याच्या वर काय आणि खाली काय, हा क्रम जुळला पाहिजे.

आता बालाघाटाची कड. सोलापूरकर कोजागरीला तुळजापूरला चालत जातात. घाट चढताना रस्त्याच्या कडेला फोडलेल्या दगडाकडं कधी बघितलंय का? थर आडवे आहेत. खालून वर जवळजवळ सपाट, कुठं उभे झालेले नाहीत, वाकलेले नाहीत. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण 450 मीटरवर आणि तुळजापूर साडेसहाशेच्या आसपास, पण हा फरक जमीन उचलली जाऊन पडलेला नाही. एके काळी वरचे थर दक्षिणेकडं आणि पश्चिमेकडंही पसरलेले होते. भीमा, सीना आणि त्यांना मिळणाऱ्या ओढ्यांनी ते खाऊन टाकले. राहिला तो बालाघाट.

कसं खाल्लं ते बघायचं असेल तर येडशीजवळ रामलिंगला पावसाळ्यात जा. वरचा घट्ट पाषाण पाण्याला सहज दाद देत नाही. पण त्याच्या खालचा मांजऱ्या आणि तांबडा थर मऊ. धबधब्याचं पाणी खाली आपटून, उडून, झिरपून तो मऊ थर आतून पोखरतं, वरचा पाषाण अधांतरी राहतो आणि एके दिवशी सांध्यावर तुटून मोठमोठ्या शिळांनी कोसळतो. कडा उभाच्या उभा मागं सरकतो. मऊ थरावर सपाटी, घट्ट थरावर उभा कडा, परत सपाटी. तुम्ही म्हणता त्या पायऱ्या अशा तयार होतात. ओढा आपल्या उगमाकडच्या बाजूला डोंगर खात जातो, म्हणून प्रत्येक ओढ्याच्या डोक्याशी कड आत गेलेली असते आणि दोन ओढ्यांच्या मध्ये डोंगराचं नाक पुढं आलेलं असतं. नकाशावर बालाघाटाची कड बघा, सगळीकडं अशी खाचाखाचांची, वेडीवाकडी आहे. ताज्या प्रस्तरभंगाची कड अशी नसते.

पण म्हणून प्रस्तरभंगाचा आपल्या जिल्ह्याशी संबंध नाही असं समजू नका. आहे, फक्त तो वैरागला दिसत नाही, भीमाशंकरच्याही पश्चिमेला जाऊन बघावा लागतो. भीमा अरबी समुद्रापासून शंभर किलोमीटरच्याही आत उगम पावते आणि समुद्राकडं पाठ फिरवून पूर्वेला निघते, कृष्णेतून थेट बंगालच्या उपसागरात. 861 किलोमीटरची नदी, घरापुढचा समुद्र सोडून लांबच्या समुद्राकडं का गेली? लाव्ह्याच्याच सुमाराला भारत आणि सेशेल्स (आज हिंदी महासागरातली बेटं) एकमेकांपासून तुटले. पश्चिमेची जमीन प्रस्तरभंगांवर खचून समुद्राखाली गेली आणि उरलेल्या पठाराचा उतार पूर्वेकडं झाला. सह्याद्रीचा आजचा कडा ही तुटलेली मूळ जागा नव्हे. मूळ तुटलं ते आणखी पश्चिमेला. तिथून कोकणातल्या छोट्या, तीव्र उताराच्या नद्यांनी कडा खात खात आजच्या जागी आणलाय, तुमचा ओढा बालाघाट खातो त्याच पद्धतीनं. पुस्तकातले तुमचे ते दोन वेगळे धडे इथं एकत्र येतात: उतार कुठं द्यायचा हे जमिनीच्या हालचालीनं ठरवलं आणि त्या उतारावर कोरीव काम पाण्यानं केलं.

भीमेचा उतारही बघा. उगमाशी साधारण हजार मीटर. उजनी पूर्ण भरल्यावर पाण्याची पातळी 496.83 मीटर. म्हणजे निम्मी उंची नदीनं उजनीच्या वरच संपवली, आणि त्यातलीही बरीच घाटमाथ्याजवळच्या थोड्या अंतरात. पंढरपुराला पोचेपर्यंत उतार इतका कमी झालेला असतो की नदी सरळ न जाता वळणं घेत जाते. चंद्रभागेची चंद्रकोर ही अशाच वळणाची. खाली फाट नाही, भेग नाही, संथ पाणी एका काठाला कापतंय आणि दुसऱ्या काठाला वाळू टाकतंय.

खरी खचदरी बघायची तर नर्मदा. विंध्य आणि सातपुडा यांच्या मध्ये जमीन खचली आणि नदीला पश्चिमेची वाट मिळाली. तापी-पूर्णेच्या खोऱ्यातही तसंच. मेळघाटाचा डोंगर गाविलगडच्या प्रस्तरभंगावर उभा आहे आणि त्याच्या पायाशी पूर्णेचा गाळ शेकडो मीटर जाड आहे. तळ खचत गेला आणि नदी भरत गेली, तेव्हाच एवढा गाळ साठतो. भीमेच्या काठी विहीर खणली तर गाळ थोडक्यात संपतो आणि खाली पाषाण लागतो. आपला तळ खचलेला नाही याचा हाही एक पुरावा.

उमरगेकर

काकांनी किल्लारीबद्दल लिहिलं नाही म्हणून लिहितो. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे मी शाळकरी होतो. आमच्या दगड-मातीच्या घराची एक भिंत पडली, आम्ही वाचलो. किल्लारी-तळणीकडच्या शेतात जमीन फाटून उचलली गेली होती, ती मी वडिलांबरोबर जाऊन बघितली आहे. बांध तुटून एक बाजू वर आलेली होती. तेव्हा प्रस्तरभंग आपल्याकडं नाहीतच असं म्हणू नये. हजारो माणसं गेली आहेत.

विहीर_आणि_खडक

उमरगेकर, तुम्ही लिहिलंत ते फार गरजेचं होतं. नाहीत असं मी म्हणणार नाही. त्या महिन्यात आम्हीही त्या गावांत होतो आणि ते दिवस अजून डोळ्यांपुढून जात नाहीत.

किल्लारीचा प्रस्तरभंग दाबाचा होता. जमिनीचा एक भाग दुसऱ्यावर चढला. तुम्ही बघितलीत ती फाट खरी, पण उंची जेमतेम मीटरभराच्या आतली, तीही सलग नाही, तुकड्यातुकड्यांत. नंतर तिथं 617 मीटर खोल वेधन करण्यात आलं. लाव्हा 338 मीटरला संपला, त्याखाली थोडा गाळाचा थर आणि मग अतिप्राचीन खडक. हालचाल त्या खालच्या जुन्या खडकातून आली. वरून बघणाऱ्याला 29 सप्टेंबरपर्यंत तिथं काहीच दिसलं नसतं. काळी शेती, तेरणा नदी, सपाट माळ.

आणि हीच काळजीची गोष्ट आहे. आपल्याकडं प्रस्तरभंग एवढ्या सावकाश आणि एवढ्या क्वचित हलतो की दोन हालचालींच्या मधल्या काळात पाऊस आणि नांगर मिळून त्याची खूण पुसून टाकतात. डोंगर उभा राहायला एकाच जागी हजारो वेळा जमीन उचलली जावी लागते, आणि पाण्यानं झिजवण्यापेक्षा जास्त वेगानं. किल्लारीला तसं झालेलं नाही. म्हणून भूदृश्य बघून धोका नाही असं ठरवता येत नाही. घर बांधताना भूकंपाचा विचार करायचा तो करायचाच, मग ओढा सरळ असो की वाकडा.

आणखी एक, माढा तालुक्यातल्यांना माहीत असावं म्हणून. 1973 साली कृष्ण ब्रह्मम आणि नेगी या शास्त्रज्ञांनी गुरुत्वाकर्षणाच्या मोजमापांवरून असं मांडलं की लाव्ह्याच्या खाली दोन जुन्या खचदऱ्या गाडल्या गेल्या आहेत, एक कोयनेची आणि एक कुर्डुवाडीची. कुर्डुवाडीच्या स्टेशनावर उभं राहून बघितलं तर चारी दिशांना माळ. खाली दरी असलीच तर ती लाव्ह्यानं भरून वर सपाट केलेली.

बार्शी_ते_सॉल्टलेक

मूळचा बार्शीचा, गेली बरीच वर्षे अमेरिकेत युटा राज्यात सॉल्ट लेक सिटीला राहतो. काकांनी बालाघाटाची कड आणि प्रस्तरभंगाची कड यांतला फरक सांगितला, त्यातली दुसरी माझ्या खिडकीतून दिसते म्हणून लिहितो.

शहराच्या पूर्वेला वासाच पर्वत आहे. पायथ्याशी प्रस्तरभंग, साडेतीनशे किलोमीटरहून लांब. पर्वत वर जातोय, शहराची जमीन खाली. इथे खाचाखाचांची कड नाही. पर्वत पायथ्यापासून एकदम उठतो आणि ती ओळ नकाशावर लांबच लांब सलग जाते. डोंगराची नाके पुढे येतात, पण सगळी एकाच रेषेवर कापली गेल्यासारखी संपतात आणि त्यांच्या टोकांना त्रिकोणी उतार दिसतात. दोन नाकांमधून ओढे अरुंद घळईतून बाहेर पडतात. डोंगरात उतार तीव्र, बाहेर एकदम सपाटी, त्यामुळे आणलेले दगडगोटे ते तोंडाशीच पंख्याच्या आकारात टाकतात. काही वस्ती अशा पंख्यांवर वसलेली आहे. लिटल कॉटनवुड नावाच्या घळईच्या तोंडाशी जुन्या हिमनदीने टाकलेल्या दगडांची टेकाडे आहेत, तीसुद्धा प्रस्तरभंगाने मधून तोडली आहेत. वर ओढा डोंगर कापतोय आणि खाली जमीन पुन्हा पुन्हा खचून त्याला नवा उतार देतेय, त्यामुळे त्याचे कापणे थांबत नाही. 18 मार्च 2020 च्या सकाळी इथे 5.7 तीव्रतेचा भूकंप झाला. कपाटातली भांडी खाली आली तेव्हा मला पहिल्यांदा आठवले ते 1993 आणि आमच्या आळीत रस्त्यावर झोपलेली माणसे.

ताईंच्या काटकोनाबद्दल एक भर. कॅलिफोर्नियात सान आंद्रेआस प्रस्तरभंगावर वॉलेस क्रीक नावाचा ओढा आहे, मी तिथे गेलो होतो. तिथे जमीन वरखाली होत नाही, आडवी सरकते. ओढा डोंगरातून सरळ येतो, प्रस्तरभंगाशी काटकोनात वळतो, त्याच्या कडेने सुमारे 130 मीटर जातो आणि पुन्हा काटकोनात वळून पुढे निघतो. हे सरकणे साधारण 3,700 वर्षांतले आहे. तेव्हा काटकोनाचे वळण सांध्यामुळेच असेल असेही धरून चालू नये. ओळखायची खूण अशी की तिथे शेजारचे ओढेही त्याच रेषेवर, त्याच बाजूला वळतात. तुमच्या शेजारचे दोन ओढे कोणत्या बाजूला वळतात ते बघा.

भोगावतीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. सांगितलं ते केलं, म्हणून उशिरा लिहितेय.

खोलीकरण झालंय, पण ते खालच्या अंगाला, भोगावतीजवळ. आमच्या शिवारात पोकलेन आलेला नाही. गावच्या जुन्या नकाशात ओढ्याची वाट आजच्यासारखीच आहे, तो काटकोनही आहे.

मग विहिरी. आमची एक, भावकीतली एक आणि ओढ्यापलीकडं देशमुख वस्तीवरची एक, तिन्ही जुन्या, आतून बांधलेल्या नाहीत. लेव्हल पाईप धरायला चुलतभाऊ आला. तांबडा पट्टा तिन्हीत सापडला, वर घट्ट काळा पाषाण आणि खाली भोकाभोकांचा मऊ दगड, हा क्रम तिन्हीत एकच. आमच्या आणि भावकीतल्या विहिरीत पातळी जवळजवळ तीच. ओढ्यापलीकडच्या विहिरीत पट्टा फूटभर खाली आला, पण ती विहीर बरीच लांब आहे. काकांनी सांगितला तसा एकदम दहा-पंधरा फुटांचा फरक कुठंच नाही.

शेजारच्या ओढ्यांचंही बघितलं. एक आमच्यासारखा डावीकडं वळतो, दुसरा उजवीकडं. वळणंही एका रेषेत नाहीत.

वळणावर पाणी आटल्यावर खाली उतरून बघितलं तर तळाला काळ्या पाषाणाची फरशी उघडी पडलीय आणि तिच्यावर दोन दिशांच्या तडा चक्क आखलेल्या दिसतात. एक ओढ्याच्या वरच्या भागाच्या दिशेनं, दुसरी खालच्या भागाच्या दिशेनं. या वयापर्यंत त्या फरशीवर कपडे धुतलेत, कधी लक्ष गेलं नव्हतं. फरशी जिथं संपते तिथं दोन हातांची उडी आहे आणि उडीखाली तांबडी माती पोखरून आत पोकळी झालीय. माझा हात खांद्यापर्यंत आत गेला.

आता वडिलांचा प्रश्न. फरशी फोडून ओढा खोल केला तर पुराचं पाणी खालून जाईल आणि बांध वाचेल, असं त्यांना वाटतं. मशीनवाला तयार आहे. करू द्यावं का? आणि बोअर त्या तडांच्या रेषेवर घ्यावा का?

विहीर_आणि_खडक

ताई, फार नीट काम केलंत. फूटभराचा फरक लांबच्या विहिरीत चालतो. लाव्ह्याचे थर आरशासारखे सपाट नसतात, थोडा उतार असतोच. पातळी जुळली, क्रम जुळला, शेजारचे ओढे दोन्ही बाजूंना वळले, फरशीवर तडांच्या दोन दिशा दिसल्या. हे सांधेच. तुमचा ओढा न सरकलेल्या दगडातल्या तडांवर चालतोय.

वडिलांना सांगा, फरशी फोडू नका. हे मी हात जोडून सांगतोय. ती फरशी तुमच्या शिवाराचा उंबरठा आहे. ओढा आपल्या तळाच्या खाली कापू शकत नाही तोवर वरच्या शेतांची माती जागेवर राहते. फरशी फोडली की ती दोन हातांची उडी वर सरकायला लागेल, खालचा तांबडा थर उघडा पडेल आणि पुढच्या मोठ्या पावसांत ओढा मागं मागं खात तुमच्या वरच्या वावरापर्यंत घळ नेईल. येडशीला जे फार मोठ्या काळात होतं ते मऊ थरात काही पावसाळ्यांत होतं. खालच्या अंगाला भोगावतीजवळ खोलीकरण झालंय असं तुम्ही लिहिलंत, त्याचीही मला चिंता वाटते. खाली तळ खोल गेला की ओढा तो खोलपणा उगमाकडं घेऊन येतो. उडीखालची पोकळी खांद्याएवढी झाली त्यामागं हेही असू शकतं. माणकाठच्या दादांच्या भागात खोलीकरणानंतर वरच्या शेतांचं काय झालं ते त्यांनी जरूर लिहावं.

बांध गेला तो वळणाच्या बाहेरच्या बाजूचा असणार. पुराचं पाणी जोरात येतं तेव्हा ते वळत नाही, समोर धडकतं. तिथला काठ कापला जातो आणि आतल्या बाजूला वाळू-गोटे पडतात. वर्षानुवर्षांत झाली नसती एवढी झीज त्या ऑक्टोबरात एका रात्रीत झाली, कारण ओढ्याचं बहुतेक काम अशा मोजक्या पुरांतच होतं. त्या बाहेरच्या काठाला तारेच्या जाळीत दगड भरून पाया द्या. पाया फरशीवर बसवा, मातीत नको. उडीखालच्या पोकळीतही मोठे दगड बसवा, म्हणजे पडणाऱ्या पाण्याचा जोर मोडेल. आतल्या बाजूची वाळू उचलू नका आणि कुणाला उचलू देऊ नका. काठावर निर्गुडी, करंज लावा, आणि बांधापासून आत काही फूट पट्टा नांगराविना राहू द्या. तेवढं पीक जाईल, पण माती राहील.

बोअरबद्दल. सांध्यांच्या रेषेवर पाणी लागायची शक्यता जास्त, तुमचा पाणाड्या त्याच्या अनुभवानं बोलत होता. दोन दिशांच्या तडा जिथं एकमेकींना छेदतात, तिथला दगड जास्त कुजलेला असतो. पण बोअर अगदी ओढ्यात किंवा वळणावर नको, पुराचं गढूळ पाणी थेट आत जाईल. फरशीवरच्या तडेची दिशा होकायंत्रानं घ्या, तीच रेषा काठावर वर न्या आणि ओढ्यापासून सुरक्षित अंतरावर जागा धरा. त्याआधी भावकीतल्या विहिरीला मे महिन्यात किती पाणी असतं ते विचारा. ती विहीर त्या रेषेच्या जवळ असेल आणि तरीही कोरडी पडत असेल, तर बोअरवर पैसा घालू नका, तो जाळीच्या भिंतीत घाला.

मोजलेल्या पातळ्या वहीत तारखेसह लिहून ठेवा. मे अखेरीला विहिरींतलं पाणी खाली जाईल तेव्हा आणखी खालचे थर उघडे पडतील. तेव्हा दुसरा तांबडा पट्टा दिसतो का बघा आणि दिसला तर त्याचीही पातळी तिन्ही विहिरींत घ्या. उडीची जागाही मोजून ठेवा, फरशीवर एखादी पक्की खूण करून तिथपासून कडेपर्यंत किती हात. पावसाळ्यानंतर परत मोजा आणि इथं कळवा.

माणकाठचा_शेतकरी

काकांनी विचारलं म्हणून सांगतो. आमच्या खोलीकरणाच्या वरच्या टोकाला तीन शेतं होती. पहिल्या दोन-तीन वर्षांत विहिरींना पाणी वाढलं, हे खरं आणि चांगलं. पण टोकाच्या शेतात ओढा मागं सरकत गेला आणि बांधाला घळ पडली. मग वरच्या टोकाला दगडी बंधारा घातला, तेव्हा ते थांबलं. ताई, वडिलांना घेऊन एकदा इकडं या, बंधारा कसा बसवलाय ते दाखवतो. सांगोल्याच्या स्टँडवर उतरलात की फोन करा, नंबर निरोपात पाठवतो.